आपल्याला शोभणारे कपडे कसे शोधावेत? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिलाईच्या निमित्ताने माझ्याकडे जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा, पार शिरपूर-शहाद्याकडूनही माणसं येतात. माप देताना, कापड पसरताना, ट्रायल घेऊन आरशासमोर उभं राहताना तेच ते प्रश्न निघतात. इथे ते एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या मताची आहेत, तुमच्या टेलरचं मत वेगळं असू शकतं.

मला फॅशनमधलं काही कळत नाही. मग माझी स्टाईल मी कशी शोधणार?

फॅशन कळायची गरजच नाही. तुमची स्टाईल आज तुमच्या घरातच आहे, गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. महिनाभर नुसतं लक्ष ठेवा. काही कपडे दोरीवरून उतरले की कपाटात जायच्या आधीच पुन्हा अंगावर चढतात. काही दिवाळीपासून घडीतून हललेले नसतात. पहिल्या गटातले चार-पाच कपडे पलंगावर शेजारी शेजारी मांडा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते बघा. रंग सर्वात शेवटी बघा. आधी कापड, मग गळा, मग बाहीची लांबी, मग कपड्याची लांबी, मग खिसा आहे की नाही.

पारोळ्याकडच्या एक शिक्षिका यायच्या. ‘माझं काही ठरलेलं नाही, मी काहीही घालते’ असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणलेले कुर्ते मांडले तर लाल, पोपटी, राखाडी, एक चक्क चट्ट्यापट्ट्यांचा. पण सगळ्यांची बाही कोपरापर्यंत, गळा पुढून पट्टीचा आणि उजव्या बाजूला खिसा. फळ्यावर लिहिताना बाही वर सरकत नाही, वाकलं तर गळा पुढे येत नाही, खडू आणि मोबाईल ठेवायला जागा मिळते. त्यांचं सगळं ठरलेलंच होतं, फक्त कुणी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं. तेव्हापासून कापड कुठलंही आलं तरी शिवायचं तेच.

कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात, तरी घालायला काही नसतं. असं का होतं?

कारण त्यातले निम्मे कपडे तुम्ही निवडलेलेच नसतात. आपल्याकडे आहेराची पद्धत जबरदस्त. लग्न असो, वास्तुशांत असो, कानबाईच्या सणाला जेवायला बोलावलेलं असो, बाईला साडी-ब्लाऊजपीस आणि पुरुषाला शर्टपीस-पॅन्टपीस किंवा टॉवेल-टोपी. देणाऱ्याने ते ठोकात घेतलेलं असतं, तुमचा चेहरा डोळ्यासमोर ठेवून नव्हे. आणि ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून आपण त्यावर वर शिलाई खर्च करतो.

माझं स्पष्ट मत, न आवडलेलं कापड शिवायला टाकू नका. शिलाई ही कापडाच्या किमतीपेक्षा बऱ्याचदा जास्त पडते. ते पुढच्या आहेरात जाऊ द्या. सगळेच तसं करतात, फक्त बोलत नाहीत. घडीच्या आतली नावाची चिठ्ठी तेवढी काढून घ्या.

उरलेल्या निम्म्यात सेलमध्ये घेतलेलं आणि ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेलं असतं. बारीक झालात तर नवीन घ्या की.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. या उन्हात कसली स्टाईल?

उलट इथे स्टाईलची सुरुवातच उन्हापासून करावी लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला दाखवलेले कपडे भुसावळच्या स्टेशनवर दुपारी दोन वाजता घालून उभं राहा म्हणजे कळेल.

आधी धाग्याचं बघू. नेहमीच्या प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, व्हिस्कोस, म्हणजे आपण रेयॉन म्हणतो ते, 11 ते 13 टक्के, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घाम पॉलिएस्टरमध्ये शिरतच नाही, अंगावरच राहतो आणि कापड पाठीला चिकटतं. सुती कापड तो ओढून घेतं आणि आपली कोरडी हवा तो पटकन उडवते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने अंग गार राहतं. हा फायदा कोकणात तेवढा मिळत नाही, हवाच दमट. आपल्याला मिळतो, आणि आपणच तो सोडून देतो.

दुसरी गोष्ट विणीची. कॉटन म्हणून जाडजूड कापड घेतलं तर ते सुती असूनही उकडतं. मलमल, व्हॉइल, केंब्रिक, पातळ पॉपलिन, लिनन, हातमागाचं सैल विणीचं कापड उन्हाळ्यासाठी. कापड उजेडासमोर धरा, विणीतून बारीक उजेड दिसला तर हवाही जाणार.

तिसरी गोष्ट मापाची. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळायला जागा हवी, म्हणून उन्हाळ्याचा कुर्ता किंवा शर्ट छातीत नेहमीपेक्षा इंच-दीड इंच सैल शिवून घ्या. आणि बिनबाहीचं थंड असतं हा समज सावलीपुरता खरा आहे. थेट उन्हात पूर्ण बाहीचा पातळ सुती सदरा बरा, कातडीवर ऊन पडतच नाही. शेतातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या काय घालतात ते बघा, कुणी बिनबाहीत कापूस वेचताना दिसत नाही.

सनकोट आणि स्कार्फचंही बोलते. स्कूटीवरच्या पोरी छान ड्रेस घालतात आणि त्यावर कुठलाही पिवळा पडलेला सनकोट चढवतात. घरापासून कॉलेजपर्यंत लोकांना दिसतो तो सनकोटच. मग तोच नीट का नको? खांद्यात बसणारा, गुडघ्यापर्यंत लांब, बाहीला हात झाकायला पुढे आलेली पट्टी, आणि स्कार्फ दोन मीटरचा मलमलचा. कापड स्वस्त आहे, शिलाई साधी आहे, वर्षातले चार महिने तेच तुमचं रूप आहे.

आपण कापूस पिकवतो, मग दुकानात सगळं पॉलिएस्टरच का दिसतं?

कापूस आपल्या काळ्या मातीत पिकतो, जिनिंगला जातो, गाठी बांधल्या जातात आणि बाहेर निघून जातात. एकेकाळी अमळनेर, धुळे, चाळीसगावला कापडगिरण्या होत्या, तो काळ गेला. दुसरीकडे सुरतेचा सिंथेटिक कापडाचा बाजार आपल्याला लागून आहे. उधना-जळगाव रेल्वेमार्ग थेट नंदुरबार, अमळनेर, धरणगावावरून येतो, माल सकाळी भरला की लगेच इकडे. दुकानदाराला तो स्वस्त पडतो, चुरगळत नाही, रंग भडक राहतो, शोकेसमध्ये छान दिसतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, पण ‘सुती दाखवा’ असं म्हटल्याशिवाय तो दाखवणार नाही. मागच्या कप्प्यात असतं. म्हणा.

थोडं लांब जायची तयारी असेल तर सातपुड्यापलीकडे महेश्वरची सुती-रेशमी साडी आहे, आणि बऱ्हाणपूरला तर पूर्वी खान्देशची राजधानीच होती. तिथलं कापड सतराव्या शतकात परदेशी जायचं. आजही तिथे यंत्रमाग चालतात.

दुकानात ‘प्युअर कॉटन’ सांगतात. खरं कसं ओळखायचं?

मुठीत घट्ट धरून सोडा. सुती कापडावर सुरकुत्या राहतात, पॉलिएस्टर लगेच सरळ होतं. पण मिश्रण असेल तर हे फसवतं. खात्री करायची तर काठाचे चार धागे काढून घरी जाळून बघा (चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून). सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि काळा कडक मणी तयार होतो. रेयॉनही कागदासारखंच जळतं, त्यामुळे या परीक्षेत रेयॉन आणि सुती वेगळे कळत नाहीत. ते हाताला कळतात, रेयॉन गुळगुळीत आणि लोंबतं असतं.

‘कॉटन सिल्क’, ‘कॉटन टच’, ‘कॉटन मिक्स’ यांतला ‘कॉटन’ हा शब्द शोभेपुरता असतो असं धरून चाला.

मी सावळी आहे. मला कुठले रंग शोभतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा मुलीबरोबर आलेली मावशी तो विचारते. तिला हवं असलेलं उत्तर म्हणजे ‘फिकट घाल, जरा उजळ दिसशील’. मला ते पटत नाही. सावळ्या रंगावर फिकट गुलाबी आणि बिस्किटी रंग कित्येकदा धुरकट दिसतात. जांभळा, मोरपंखी, राणी, मोहरीचा पिवळा, विटकरी, गर्द हिरवा हे रंग अंगावर आले की चेहरा पुढे येतो. आपल्याकडच्या जुन्या लुगड्यांचे रंग आठवा. त्या बायका काय गोऱ्या होत्या?

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, परीक्षा सोपी आहे. कापड हनुवटीखाली धरा आणि दुकानाबाहेर, रस्त्यावरच्या उजेडात या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली रंग वेगळाच दिसतो. जळगावच्या फुले मार्केटमध्ये बायका साडी हातात घेऊन पायरीवर येतात आणि आत दुकानदाराचा जीव वर-खाली होतो, पण ही पद्धत अगदी बरोबर आहे. आरशात बघताना आधी नजर कुठे जाते बघा. चेहऱ्याकडे गेली तर रंग तुमचा. कापडाकडे गेली तर रंग दुकानाचा.

आणि एखादा रंग शोभत नाही पण फार आवडतो, तर तो सलवारीत घाला, ओढणीच्या काठात घाला. चेहऱ्यापासून लांब गेला की भांडण मिटलं.

माझं पोट सुटलंय. काय घातलं की लपेल?

लपवायचा विचार केला की माणूस ढगळ कपडे घेतो, आणि ढगळ कपड्यात पोट आणखी मोठं दिसतं. खांदा बरोबर बसवा. शर्टाची खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, खाली दंडावर उतरली तर सगळा माणूस घसरलेला दिसतो. खांदा बरोबर असला की पोटाजवळ दोन इंच मोकळे ठेवले तरी ते नीटनेटकंच वाटतं.

बायकांच्या कुर्त्यात मोढा, म्हणजे काखेजवळ बाही जोडायचा गोल, बघा. मोढा खोल कापला असेल तर हात वर केला की अख्खा कुर्ता वर जातो, आणि तंग असेल तर काखेत वळ्या पडून माणूस आहे त्याहून जाड दिसतो. रेडिमेडमध्ये सर्वात जास्त बिघडतं ते हेच. कमरेच्या बाजूला चीर म्हणजे कट कुठून सुरू होतो तेही पाहा. पोटाच्या रुंद भागावरच कट उघडला तर तिथेच लक्ष जातं, तो दोन बोटं खाली घ्यायला सांगा.

रेडिमेड घ्यावं की शिवून घ्यावं?

जीन्स, टी-शर्ट, आतले कपडे, स्वेटर रेडिमेड. ब्लाऊज शिवूनच. कुर्ता, शर्ट, पॅन्ट याबाबतीत आपल्या गावांमध्ये अजून चांगले टेलर शिल्लक आहेत, ते आहेत तोवर शिवून घ्या असं मी म्हणेन, आणि यात माझा स्वार्थ आहे हेही सांगते.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. छत्तीस इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, अठ्ठावन्न इंची पन्ह्यात दीड-पावणेदोन मीटरमध्ये भागतं. पॅन्टला अठ्ठावन्न पन्ह्याचं सव्वा मीटर. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाने थोडं जास्त घ्यावं. दुकानदार ताग्यावरचा शेवटचा तुकडा ‘घेऊन टाका, होऊन जाईल’ म्हणून गळ्यात मारतो. होऊन जात नाही. बाही छोटी होते.

सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटणं नेहमीचं आहे. पंचेचाळीस इंच लांबीच्या कुर्त्यात ते जवळजवळ दोन इंच झाले, म्हणजे गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर. टेलरला नावं ठेवण्याआधी हे करून बघा.

टेलरला आपल्याला काय हवंय ते सांगायचं कसं? दरवेळी वेगळंच शिवून येतं.

मोबाईलवर नटीचा फोटो दाखवू नका. त्या फोटोत कापड वेगळं, अंग वेगळं, मागे टाचण्या लावून फिटिंग केलेलं. तुमचा स्वतःचा, अंगाला उत्तम बसणारा जुना कपडा न्या. शब्दांची गरज संपते.

मग मोजकं बोला. ‘याच्यासारखं, पण गळा पुढून अर्धा इंच वर, बाही कोपराच्या खाली दोन बोटं, खिसा उजवीकडे.’ कुर्ता कुठल्या सलवारीवर, कुठल्या चपलेवर घालणार ते सांगा, लांबी त्यावर ठरते. माप देताना श्वास ओढून, पोट आत घेऊन उभं राहू नका. सगळे राहतात. मी माप घेताना मुद्दाम गावाकडचं काहीतरी विचारते, यंदा कापसाचं कसं काय, लेकीला कुठे दिलंय; माणूस बोलायला लागला की पोट जागेवर येतं आणि मग मी टेप ओढते.

आणि ‘माया ठेवा’ हे न विसरता सांगा. शिवणीच्या आत राहणारं जास्तीचं कापड म्हणजे माया. दोन्ही बाजूंना इंच-इंच माया असली की वजन वाढलं तरी कपडा उसवून सोडता येतो. रेडिमेडमध्ये ती जवळपास नसतेच, कारखान्याला कापड वाचवायचं असतं. मागे एकदा आतून शिवण उघडून दाखवली तेव्हा एका गिऱ्हाइकाचा विश्वासच बसेना की आठ वर्षांपूर्वीचं ब्लाऊज तिला पुन्हा होणार आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या पंधरवड्यात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत नवा प्रयोग करायला जाऊ नका. त्या दिवसांत टेलर फक्त मशीन मारत असतो, ऐकत नसतो. नवीन नमुना श्रावणात, नाहीतर पौषात, जेव्हा त्याला चहा प्यायला वेळ असतो.

वेगळं काही घातलं की लोक नावं ठेवतात. काय करायचं?

ठेवतात. ‘हाई काय घालीसन उना रे?’ (हे काय घालून आलास रे?) हे पारावरून एकदा ऐकू येणारच. माझा अनुभव असा की ते पहिल्या दिवशी येतं, तिसऱ्यांदा तोच कपडा दिसला की बंद होतं, आणि महिन्याभराने त्याच पारावरचा एखादा हळूच विचारतो, ‘कुठून शिवलं?’

गावात राहून बदल करायचा तर एका वेळी एकच करा. रोजच्या कपड्यात फक्त रंग बदला, किंवा फक्त गळा. डोक्यापासून पायापर्यंत एकदम बदललात तर लोकांना तुम्ही नाटकातून आल्यासारखे वाटणार, आणि खरं तर तुम्हालाही तसंच वाटणार. सासरी नवीन असाल तर आधी घरातली एखादी नणंद आपल्या बाजूला वळवून घ्या. तिच्यासाठीही तसंच एक शिवा. हा सल्ला कापडाचा नाही, पण कामाला येतो.

मे महिन्यातल्या लग्नात पैठणी नेसायची, पण घामाने जीव जातो. मग?

दुपारच्या लग्नात अस्सल रेशीम नेसूच नका. घाम आणि सेंट यांचे डाग रेशमावर पडले की जात नाहीत. हळदीला आणि दुपारी माहेश्वरी किंवा बारीक काठाची सुती साडी, संध्याकाळी रिसेप्शनला पैठणी. येवला आपल्या शेजारीच, त्यामुळे आपल्याकडे पैठणीची हौस मोठी, पण मशीनवरची आर्टसिल्क, म्हणजे नकली रेशमाची, ‘पैठणी’ घेऊन घामाने भिजण्यापेक्षा चांगली सुती साडी केव्हाही उठून दिसते. अस्सल रेशीम घेताय तर सिल्क मार्कची चिठ्ठी मागा. ब्लाऊजला अस्तर सुतीच लावा. टेलरकडे साटीनचं अस्तर तयार असतं आणि न विचारता लावलं जातं.

आणि दागिने? जळगावच्या माणसाला सोन्याबद्दल मी काय सांगणार. फक्त साडी भरजरी असेल तर गळ्यात एकच ठसठशीत घाला. लॉकरमधलं सगळं एकाच दिवशी हवेशीर करायची गरज नसते.

मी केळीच्या बागेत काम करतो. आम्हाला कसली आलीय स्टाईल?

रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगायला नको की केळीचा चीक कपड्यावर वाळला की तपकिरी-काळा होतो आणि मग काही केल्या निघत नाही. लगेच भरपूर पाण्याने धुतलं तरच थोडी आशा. त्यामुळे बागेचे कपडे वेगळे असतातच. माझं म्हणणं एवढंच, ते जुने फाटके लग्नातले शर्ट नसावेत. टिकली-चमकी असलेला पॉलिएस्टरचा पार्टीशर्ट घालून घड उचलायचे, हे रोज दिसतं आणि रोज वाईट वाटतं. गडद तपकिरी किंवा काळपट निळ्या जाड सुती कापडाचे दोन सदरे शिवा, पूर्ण बाही, कॉलर उंच, दोन मोठे खिसे झाकणासह. चिकाचा डाग त्यात विरून जातो. बाजाराच्या दिवशीही तो सदरा घालून जाता येईल असा शिवा. मला विचाराल तर खान्देशातला सगळ्यात देखणा पुरुषी पोशाख हाच होऊ शकतो.

पांढरा लिननचा शर्ट, पांढरी पॅन्ट आणि पांढरे बूट कसे वाटतात?

निवडणुकीला उभे आहात का? नसाल तर वर पांढरा आणि खाली खाकी किंवा राखाडी घाला. पांढऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, उन्हात पांढरा उत्तमच. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हापासूनची खादीची परंपरा या भागाला आहे. पण खादीचा पांढरा आणि कडक इस्त्रीचा चकचकीत पांढरा यांत फरक आहे. पहिल्यात माणूस दिसतो.

मुलाखतीला काय घालू? कंपनी एमआयडीसीतली आहे.

फिकट निळा किंवा पांढरा पूर्ण बाहीचा शर्ट, गडद पॅन्ट, काळे बूट, मोजे. मुलींनी साधा कुर्ता-सलवार, ओढणी पिनने लावलेली. ब्लेझर मागून आणू नका, दुसऱ्याचा ब्लेझर खांद्यावर लगेच कळतो. बसने जाणार असाल तर शर्ट पिशवीत घडी करून न्या आणि स्टँडवर बदला.

वडील गेल्यापासून आई फक्त फिकट साड्या नेसते. तिला रंग घालावासा वाटतो असं मला वाटतं. कसं बोलू?

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग सरकारनेही इतर गावांनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. कागदावर वाट मोकळी झाली आहे. घरात ती मोकळी व्हायला वेळ लागतो.

आईला एकदम लाल साडी नेऊन देऊ नका, तिची पंचाईत होईल. तिच्याकडे जी राखाडी किंवा बिस्किटी साडी आहे, तिच्यावर गर्द ब्लाऊज शिवा, जांभळं किंवा बाटली हिरवं. पदराखाली ते थोडंसंच दिसतं. पुढची साडी फिकटच पण काठ रंगीत. मी असे ब्लाऊज बरेच शिवले आहेत. नेहमीच असं होतं की लेक कापड निवडून देते आणि आई ट्रायलला आली की हळूच विचारते, ‘बाही जराशी लांब करशील का?’ म्हणजे तिला रंग जास्त दिसायला हवा असतो. मी लांब करते आणि काही बोलत नाही.

तिला नकोच असेल तर मात्र तिच्या मागे लागू नका. फिकट रंग तिला मनापासून आवडतही असतील.

आजीची नऊवारी लुगडी आहेत. कापून ड्रेस शिवला तर चालेल का?

आजी असेल तर आधी तिला विचारा. नसेल तर कापडाला विचारा. लुगडं उजेडासमोर आडवं धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणा, धागे सरकले किंवा ‘चर्र’ आवाज आला तर त्याचा कुर्ता टिकणार नाही, गोधडीच्या अंगाला लावा. कापड दमदार असेल तर नऊ वारांत, म्हणजे सव्वाआठ मीटरमध्ये, दोन मोठ्यांचे कुर्ते आणि एका लहान पोरीचं झबलं सहज निघतं. काठ कापून फेकू नका, बाहीला आणि खालच्या घेराला लावा. आतून मलमलचं अस्तर द्यायला सांगा, सगळा ताण अस्तर घेतं आणि जुना धागा वाचतो.

पावसाळ्यात आणि थंडीत काय?

पावसाळ्यात जाड सुती वाळत नाही आणि वास मारतो. तेव्हा मिश्रणाचं कापड घालायला माझी हरकत नाही. ओलं रेयॉन कमजोर होतं, ते या दिवसांत पिळू नका. काळ्या मातीच्या चिखलात लांब सलवार नको, घोट्याच्या वर संपणारी पॅन्ट बरी. थंडी आपल्याकडे पहाटे आणि रात्री पडते, दुपारी ऊन असतं, म्हणून एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा काढता-घालता येणारं जाकीट आणि शाल उपयोगी. सारंगखेड्याच्या यात्रेला रात्री थांबणार असाल तर मात्र स्वेटर न्याच.

ऑनलाइन घेताना साईज चुकते.

प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा असतो. तुमचा उत्तम बसणारा शर्ट टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांदा आणि लांबी टेपने मोजा, आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि साईटवरच्या तक्त्यातल्या कपड्याच्या मापाशी ताडून बघा. अंगाच्या मापाशी नव्हे. कापडाच्या माहितीत ‘कॉटन ब्लेंड’ लिहिलं असेल आणि टक्के दिले नसतील तर पुढे सरका.

थोडक्या पैशात सुरुवात कशी करू?

नवीन काहीच घेऊ नका. आधी असलेल्या कपड्यांतले तीन दुरुस्तीला टाका. बाही छोटी करणं, कमरेत आत घेणं, बटणं बदलणं, गळा नीट करणं. आपल्याकडे रफू-अल्टरवाले अजून प्रत्येक बाजारात बसतात आणि एका नव्या शर्टाच्या पैशात तीन जुने अंगाला बसतात. बटणांचं मुद्दाम सांगते, चकचकीत प्लॅस्टिकची काढून मॅट किंवा लाकडी लावली की दोनशेचा कुर्ता हजाराचा वाटतो. त्यानंतर पैसे उरले तर एकच चांगलं सुती कापड, तुमच्या दोरीवरच्या सर्वात लाडक्या कपड्याच्या मापाने.

टेलरकडची जुनी मापं किती दिवस चालतात?

वर्षभर. बाळंतपण, आजारपण किंवा लग्न झालं असेल तर लगेच पुन्हा द्या. लग्नानंतरची मापं पुरुषांचीच जास्त बदलतात, बरं का.